आळस कीं आजार?

शाळेंत 'आळशी' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. मूल वर्गांत पेंगलें, उत्तर देण्यास त्यास विलंब लागला, वही अपुरी राहिली, कीं हा शिक्का आम्ही शिक्षक त्याच्यावर मारून मोकळे होतों. आणि घरीं पालक त्याच शिक्क्यावर दुसरा मारितात. हा शिक्का उचलण्यापूर्वीं थोडें थांबावें, एवढेंच आम्हांस या लेखांत सुचवावयाचें आहे. व तें आम्ही स्वतःच्या चुकीवरून सुचवीत आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं आहुप्याकडील एक मुलगी आमच्या वर्गांत होती. सह्याद्रीच्या ऐन कड्यावर वसलेलें तें गांव. घाट उतरला कीं मुरबाडची बाजू, जवळच भीमाशंकरचें रान, आणि रानांतला हिरडा गोळा करून चार पैसे मिळविणारीं कष्टाळू माणसें. अशा घरची मुलगी आळशी निपजेल कशी, हा प्रश्न आम्हांस पडावयास हवा होता. पण पडला नाहीं. पहिल्या वर्षीं हुशार असलेली ही मुलगी दुसऱ्या वर्षीं सुस्तावली. तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसूं लागला, ऐन उन्हाळ्यांत तिला थंडी वाजे, पाठांतर तिच्या ध्यानांत राहीना. आम्ही तिला चारचौघींत टाकून बोललों. एकदां तर बाकावर उभें केलें. पुढें तिच्या आईनें तिला घोडेगांवीं डॉक्टरांकडे नेलें. रक्त तपासल्यावर समजलें कीं, तिच्या गळ्यांतील अवटु ग्रंथीचा रस फारच कमी पडत आहे. रोज सकाळीं उपाशीपोटीं एक गोळी सुरू झाली, आणि कांहीं महिन्यांत मुलगी पूर्ववत् झाली. आमची मान मात्र खालीं गेली, ती गेलीच.

आपल्या शरीरांत कांहीं ग्रंथि अशा आहेत कीं, त्यांस नळी नाहीं. त्या आपला रस थेट रक्तांत सोडतात. या रसांस संप्रेरकें म्हणतात. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पीयूषिका, गळ्यांत फुलपाखराच्या आकाराची अवटु, जठरामागें स्वादुपिंड, मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क, अशीं त्यांचीं ठाणीं आहेत. वाढ, ऊब, भूक, उत्साह हीं सर्व त्यांच्या हातीं. पाटकरी जसा शेताची तहान पाहून पाटाचें दार कमीजास्त करितो, तशी पीयूषिका रक्तांतील अवटूचा रस पाहून आपला हुकूम वाढविते किंवा आंवरते.

अवटूचा रस घडण्यास आयोडीन लागतें. प्रौढास दिवसाला अवघें १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांचें एकत्र केलें तरी चहाचा चमचा भरत नाहीं. तेवढेंही न मिळालें तर रस कमी पडतो, पीयूषिका हुकमावर हुकूम सोडते, आणि बिचारी ग्रंथि राबून राबून फुगते, तोच गलगंड. डोंगराळ व अतिवृष्टीच्या मुलखांत मातींतील आयोडीन पाण्याबरोबर वाहून जातें, म्हणून तेथील धान्यांत व भाजीपाल्यांतही तें थोडेंच उतरतें. हिमालयाच्या कांगडा खोऱ्यांत १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलें व गलगंड ओसरला. १९६२ सालीं त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 'समुद्राचें मीठ, त्यांत आयोडीन असावयाचेंच,' असें म्हणणारे पालक आम्हांस भेटतात. तें खरें नव्हे. मिठागरांतील साध्या खडे मिठांत तें नांवापुरतेंच असतें. पुड्यावर 'आयोडीनयुक्त' हा शब्द वाचूनच मीठ घ्यावें, आणि चुलीजवळ उघडें न ठेवितां घट्ट झांकणाच्या बरणींत ठेवावें. दमट हवेनें व उष्णतेनें आयोडीन उडून जातें.

मात्र मिठानें सर्व भागतें असेंही नाहीं. आमच्या विद्यार्थिनीच्या घरचें मीठ योग्यच होतें. तिच्या शरीराची रक्षक सेनाच चुकून स्वतःच्या ग्रंथीवर उठली होती. असा आजार मिठानें बरा होत नाहीं. त्यास डॉक्टरांची गोळीच हवी, व ती मनानें बंद करूं नये.

स्वादुपिंडाचें इन्शुलिन आटलें तर रक्तांतील साखर पेशींच्या उपयोगीं पडत नाहीं, हा मधुमेह. तो केवळ श्रीमंतांचा व वृद्धांचा रोग, ही समजूत चुकीची आहे. मुलास एकाएकीं फार तहान लागूं लागली, वारंवार लघवीस जावें लागलें, खाऊनही तें वाळूं लागलें, तर दृष्ट काढीत बसूं नये. त्याच दिवशीं साखर तपासावी. १९२१ सालीं टोरांटो येथें इन्शुलिन सांपडलें व जानेवारी १९२२ मध्यें तें प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलास टोंचलें गेलें. तोंपर्यंत अशा मुलांस मृत्यूवांचून वाट नव्हती. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास केला. आपलीं नवजात बालकें इंग्लंडांतील बालकांहून पुष्कळ हलकीं, पण चरबी मात्र त्या मानानें कमी नाहीं, असें त्यांत दिसलें. पुढील मधुमेहाचें बीज येथेंच पडूं शकतें. म्हणून गरोदर सुनेच्या ताटांत काय पडतें, याची चौकशी घरच्या वडीलधाऱ्यांनीं करावी.

'शिक्षकांनीं शिकवावें, वैद्यकी कशास?' असें कोणी म्हणेल. रोगाचें निदान आम्ही करावें, असें आमचें म्हणणें नाहीं. पण मूल दिवसाचे पांचसहा तास आमच्यासमोर बसतें. त्यांतला बदल पुष्कळदां प्रथम आम्हांसच दिसतो. म्हणून प्रत्येक शाळेनें वर्षांतून दोनदां मुलांची उंची व वजन नोंदवावें, व ज्याची वाढ खुंटली असेल त्याच्या पालकांस बोलावून सांगावें. तसेंच नवजात बालकाच्या टांचेंतील थेंबभर रक्ताची अवटूसाठीं तपासणी घाटमाथ्यावरच्या घरांतही पोंचावी. उणीव असल्यास पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालें, तर बुद्धीची हानि बहुधा टळते.

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं प्रभूस विचारिलें होतें कीं, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? प्रभूनें दोघांसही दोष दिला नाहीं. त्यास दृष्टि दिली. आम्हीं त्या मुलीस बाकावर उभें केलें, तेव्हां आम्ही शिष्यांचाच प्रश्न विचारीत होतों. आतां वर्गांत कोणी पेंगूं लागलें, तर आम्ही त्याच्याजवळ जाऊन प्रथम एवढेंच विचारितों, 'बाळ, बरें वाटत नाहीं काय?' पालकांनींही घरीं हाच प्रश्न आधीं विचारावा.