नोटीस म्हणजे अटक नव्हे

मागच्या वर्षी माझ्या खालाच्या मुलाला पोलिस ठाण्यातून फोन आला, "उद्या सकाळी येऊन जा." त्याने ठेवलेल्या एका स्टेटसबद्दल कुणीतरी तक्रार केली होती. दुपारपर्यंत मोहल्ल्यात बातमी पसरली की त्याला उचललं. संध्याकाळी मुलीकडच्यांनी कळवलं, साखरपुडा तूर्त थांबवू. पोरगा तेव्हा घरातच बसलेला होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, वकील नाही. त्या रात्री खालाच्या घरी जमलेल्या आम्हा शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही तक्रार, नोटीस आणि अटक यांतला फरक सांगता येईना. कुणी म्हणालं गावी पाठवा, कुणी म्हणालं पैसे देऊन मिटवा. दोन्ही सल्ले त्याला आणखी अडकवणारे होते, हे दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेल्यावर कळलं.

त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं. एफआयआर म्हणजे तपासाची सुरुवात. त्यात नाव आलं म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, ते न्यायालय ठरवतं.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ३५ नुसार अटकेची गरज नसेल तर पोलिस लेखी नोटीस देऊन हजर राहायला सांगतात. नोटीस पाळणाऱ्याला त्या गुन्ह्यात सहसा अटक करता येत नाही. करायचीच असेल तर कारण लिहून ठेवावं लागतं. नोटीस टाळली तर मात्र अटकेचा मार्ग मोकळा होतो. ही नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

अटक झालीच, तर राज्यघटनेचं कलम २२ आहे. अटकेचं कारण सांगावं लागतं, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. घरच्यांना कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळू शकतो, त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे.

ठाण्यात प्रत्येक वेळी कायदा पाळला जातो, असा भाबडा समज माझाही नाही. आपल्या मोहल्ल्यांना वेगळे अनुभव आहेत. म्हणूनच हे माहीत असायला हवं. हक्क डावलला गेला हे कळलं, तरच वकिलाला सांगता येतं आणि न्यायालयात मांडता येतं.

पण पोलिसांनी काही करण्याआधीच आपण त्या पोराला शिक्षा सुनावली होती. "उचललं" हा शब्द आपण पसरवला, साखरपुडा आपल्याच माणसांनी थांबवला. आपल्याबद्दल कुणी असा घाईचा निकाल दिला की आपल्याला किती लागतं!

भाऊ वकिलांसोबत गेला, लेखी नोटीस मागून घेतली, जबाब दिला आणि दुपारी घरी आला. साखरपुडा दोन महिन्यांनी झाला. खाला अजूनही अनोळखी नंबरचा फोन आला की दचकते. या जुम्याला नमाजनंतर चार मित्र भेटाल, तेव्हा दहा मिनिटं या गोष्टींवर बोला. आणि जवळच्या एका वकिलाचा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.