'फीट' म्हणजे पराक्रम नव्हे

वर्गात 'फीट' या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला की 'पराक्रम' हे उत्तर तत्परतेने येते आणि शिक्षकही त्यावर समाधान मानून पुढे जातात. उत्तर अगदीच चूक आहे असे नाही. ते अर्धवट आहे. पण अर्धवट उत्तर कोणी तपासून पाहत नाही, म्हणून ते टिकते. या अर्धवट उत्तराने आपल्या ग्रंथपरीक्षणांचे जे नुकसान चालवले आहे, ते दाखवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी शब्दाचे मूळ पाहू. लॅटिन 'फाक्टुम' म्हणजे केलेली गोष्ट. आपल्या 'कृत्या'च्या अगदी जवळची. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला 'फीट' आणि पुढे १६व्या शतकात थेट लॅटिनवरून घेतलेला 'फॅक्ट' ही एकाच 'फाक्टुम'ची लेकरे. 'फॅक्ट'चाही आरंभीचा अर्थ कृत्य, त्यातही बरेचदा दुष्कृत्य, असाच होता. 'ॲक्सेसरी आफ्टर द फॅक्ट' या कायद्याच्या संज्ञेत तो अर्थ अजून शिल्लक आहे. 'फीट' मात्र रणांगणाकडे गेला. क्रिस्टीन द पिझान या लेखिकेच्या युद्धविषयक फ्रेंच ग्रंथाचे भाषांतर विल्यम कॅक्स्टनने १४८९ साली छापले. त्याच्या शीर्षकात हा शब्द ठळकपणे आहे. पण शौर्यकथा वाचायला मिळतील या आशेने तो ग्रंथ उघडणाऱ्याची निराशा होईल. वेढा कसा घालावा, रसद किती साठवावी, युद्धात न्याय्य काय आणि अन्याय्य काय, अशा गोष्टींची ती चर्चा आहे. शब्दाच्या बीजात वीरश्री नव्हती, काम होते.

आजही इंग्रजीत हा शब्द सहसा एखाद्या विशिष्ट कृतीला लावतात. ती करायला बळ, कौशल्य किंवा स्मरणशक्ती पणाला लागलेली असते. 'ॲचीव्हमेंट' आयुष्यभराची असू शकते, 'फीट' बहुधा एका कृतीपुरते असते. 'नो मीन फीट' म्हणणारा आपल्याकडच्या 'हे खायचे काम नव्हे' एवढेच म्हणत असतो. तो अवघडपणा मान्य करतो. जे निष्पन्न झाले ते किती मोलाचे, याविषयी त्या शब्दापुरता तरी तो मौन पाळतो. डोळे बांधून एकाच वेळी दहा जणांशी बुद्धिबळ खेळणे हे 'फीट' आहे. त्यातले डाव चांगले झाले का, हा प्रश्न वेगळा आहे.

'पराक्रम' या शब्दाला हे मौन साधत नाही. तो उच्चारला की जयजयकार झालाच. फुलदाणी फोडणाऱ्या मुलाला आई 'काय पराक्रम केलास!' म्हणते, तो उपरोधही त्या जयजयकाराच्या बळावरच उभा असतो. 'किमया' आणि 'करामत' दुसऱ्या बाजूने चुकतात. एकीत किमयागाराचे रसायन आहे, दुसरीत अवलियाचा चमत्कार; घाम दोहोंतही नाही.

अवघड आणि उत्तम यांतला भेद आपल्या परंपरेला ठाऊक नव्हता काय? भारवीने 'किरातार्जुनीया'च्या १५व्या सर्गात जवळजवळ केवळ 'न' या व्यंजनावर एक श्लोक रचला. तरीही मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त चित्रकाव्याला तिसरी, 'अवर' श्रेणीच दिली. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचले. ओठांना ओठ लावून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य. म्हणजे रामकथा सांगायची आणि 'राम' म्हणायचे नाही! हे निःसंशय 'फीट' आहे. पण मोरोपंत रसिकांच्या मनात आहेत ते 'केकावली'मुळे.

आता आजची परीक्षणे पाहा. हजार पानांची कादंबरी, वीस वर्षे खपून केलेले भाषांतर, एकही विरामचिन्ह नसलेले दीर्घकाव्य. 'हा एक पराक्रमच आहे' असे म्हटले की परीक्षण संपले. कष्टांचा गौरव झाला आणि वाचनाला सुट्टी मिळाली.

कोणी म्हणेल, मराठीत कष्टांची कदर आधीच कमी, तीही करू नये काय? अवश्य करावी. पण कष्ट कशात गेले ते पाहणे ही खरी कदर. केतकरांच्या ज्ञानकोशाला पराक्रम म्हणून ओवाळणे सोपे आहे. त्यातली एखादी नोंद वाचून ती कुठे पुरी पडते आणि कुठे उणी राहते हे सांगणे अवघड आहे. केतकरांचा मान राखला जातो तो या दुसऱ्या मार्गाने.

म्हणून 'फीट'ला एकच भारदस्त प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट सोडावा. 'अवघड काम तडीस नेले' हे साधे वाक्य पुष्कळदा पुरते. ते कष्टांना न्याय देते आणि पुढचा प्रश्न खुला ठेवते: तडीस नेले खरे, पण ते उतरले कसे? समीक्षेचे काम या प्रश्नापासून सुरू होते. निदान वर्गात तरी तो टाळू नये.