गुरूला जाब विचारणारा कोण? छडी, शाळा आणि उत्तरदायित्व यांचा इतिहास

१/
शिक्षकाने विद्यार्थ्याला अमानुष मारल्याची बातमी आली की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले : "आम्हीही मार खाल्ला, म्हणून तर घडलो." दुसरे : "शाळेतच मिटवा, बाहेर बदनामी नको." पहिले वाक्य इतिहासाचा आव आणते, दुसरे शहाणपणाचा. पुराव्यापुढे दोन्ही टिकत नाहीत. कसे, ते या धाग्यात.

२/
परंपरेच्या नावाने छडीचे समर्थन करणाऱ्यांनी प्रथम परंपरा वाचावी. गौतम धर्मसूत्र हे उपलब्ध धर्मसूत्रांतील अतिशय जुन्यांपैकी एक. त्यात शिष्याच्या शिस्तीविषयी लागोपाठ तीन सूत्रे आहेत. शिष्याला न मारता वळण लावावे. तसे जमलेच नाही, तर बारीक दोरी किंवा वेळूची पातळ कांब वापरावी. आणि याखेरीज अन्य कशाने मारणाऱ्या गुरूला राजाने शिक्षा करावी.

३/
हा ग्रंथ मुलांच्या हक्कांची सनद नव्हे. तो मारण्याची वाट मोकळी ठेवतोच. परंतु तिसऱ्या सूत्रापाशी थांबायला हवे. मर्यादा ओलांडणाऱ्या गुरूचा निवाडा त्याचे सहाध्यायी करीत नाहीत, आश्रम करीत नाही, शिष्याचा पिताही करीत नाही. तो राजा करतो. म्हणजे गुरूच्या अधिकाराला जाब विचारणारी सत्ता त्याच्या दाराबाहेर असली पाहिजे, हे तत्त्व त्या काळीही ठाऊक होते.

४/
मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही दोरी आणि वेळूची कांब येते. फटका पाठीवरच, मस्तकावर कदापि नाही. याविरुद्ध वागणाऱ्यास चोराचे पाप, असा दंडक आहे. ज्यांना मारता येते त्यांच्या यादीत पत्नी, पुत्र आणि दासही आहेत. काही पाठांत तेथेच शिष्य आढळतो. छडीसाठी मनूचा आधार घेणाऱ्याने ही संपूर्ण यादी आपल्या घरात वाचून दाखवावी आणि मग बोलावे.

५/
तर मग शिक्षकाच्या हाताला पालकाचा हात मानून त्याला कायद्याचे कवच देण्याची आधुनिक कल्पना कोठून आली? तिचा माग काढायचा तर १८६० साली जावे लागते. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या : एक इंग्लंडच्या किनाऱ्यावरील ईस्टबोर्न गावी, दुसरी कलकत्त्यात. दोन्हींचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. परंतु दोन्हींच्या मागे विचार एकच होता.

६/
ईस्टबोर्नला टॉमस हॉपली नावाचा शिक्षक खाजगी निवासी शाळा चालवीत असे. रेजिनाल्ड कॅन्सेलर हा त्याचा १५ वर्षांचा विद्यार्थी अभ्यासात मंद होता. हॉपलीला तो हट्टीपणा वाटला. कठोर शिक्षेसाठी त्याने मुलाच्या वडिलांची पत्राने परवानगी मागितली. वडिलांनी ती दिली. एप्रिल १८६० मध्ये एका रात्री हॉपलीने त्याला दीर्घकाळ मारले. सकाळी मुलगा मृत आढळला.

७/
पुढचा भाग अधिक बोलका आहे. मृतदेहाला लांब मोजे आणि हातमोजे घालण्यात आले होते, जेणेकरून वळ दिसू नयेत. मृत्यू हृदयविकाराने झाला असे सांगण्यात आले. मुलाच्या भावाला संशय आला, त्याने तपासणीचा आग्रह धरला, म्हणून सत्य बाहेर आले. तो भाऊ गप्प बसता, तर शाळेची प्रतिष्ठा अबाधित राहिली असती. "शाळेतच मिटवा" या वाक्याचा अर्थ हा असा असतो.

८/
हॉपलीला सदोष मनुष्यवधाबद्दल ४ वर्षांची सक्तमजुरी झाली. मात्र त्याच खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी मांडलेले तत्त्व दीर्घायुषी ठरले : मुलाला वळण लावण्यासाठी पालक, आणि पालकाने अधिकार सोपवलेला शिक्षक, 'माफक आणि वाजवी' शारीरिक शिक्षा करू शकतो. मूल मेले म्हणून शिक्षा अवाजवी ठरली. जिवंत राहिलेल्या असंख्य मुलांच्या बाबतीत वाजवी काय ते कोण ठरवणार होते? बहुधा तोच शिक्षक.

९/
त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय दंड संहिता संमत झाली. तिचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ सालीच सिद्ध केला होता. तिच्या कलम ८९ नुसार १२ वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, सद्‌हेतूने, पालकाने किंवा पालकाच्या संमतीने केलेले कृत्य, काही अपवाद वगळता, गुन्हा ठरत नाही. संमती व्यक्त असो वा गर्भित. या दोन शब्दांत शाळेचा सारा फळा मावतो.

१०/
कलम ८८ याच जातीचे. मुंबई उच्च न्यायालयाने १९४० च्या दशकातील एका खटल्यात त्याचा आधार घेऊन छडी मारणाऱ्या शिक्षकाला संरक्षण दिले. तर्क असा की पालक मुलाला शाळेत धाडतो, तेव्हाच शिस्तीच्या अधिकारालाही गर्भित संमती देतो. या साऱ्या रचनेत शिक्षक बोलतो, पालक बोलतो, न्यायाधीश बोलतो. पाठ ज्याची आहे, त्याला मात्र कोणी विचारीत नाही.

११/
केवळ छडीपुरते बोलून भागणार नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. डॉ. आंबेडकरांनी ही आठवण पुढे स्वतः लिहून ठेवली. येथे कोणी हात उगारला नव्हता. शाळेचा नित्यक्रमच क्रूर होता.

१२/
त्या मुलाने तक्रार कोणाकडे करायची? शिक्षक तोच नियम पाळत होते, शिपाई तोच, गावही तोच. शाळेतील माणसे चांगली की वाईट, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. मुलाला शाळेबाहेर ऐकणारे कोणी आहे काय, हा खरा प्रश्न. तो नसेल, तर सज्जन शिक्षकाचे औदार्यही शिपायाच्या हजेरीसारखेच असते : असले तर पाणी, नसले तर तहान.

१३/
"मार नसेल तर शिस्त राहणार नाही" हा पुढचा आक्षेप. त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळाले आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले, ते भय आणि शिक्षा यांना दूर ठेवून. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम उभारले.

१४/
पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते वाढवले. तेथील आदिवासी मुलांना शाळा ही गोष्टच परकी होती. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. शाळाच कुरणात गेली. अशा मुलांवर छडी उगारली असती तर दुसऱ्या दिवशी समोर कोणी उरले नसते. छडी चालते ती पळून जाण्याची सोय नसलेल्या मुलांवर. तिने साधते ती शिस्त नव्हे, कोंडी.

१५/
आता "आम्ही घडलो" या साक्षीकडे वळावे. ही साक्ष देतात ते शाळेत टिकलेले लोक. माराच्या धास्तीने ज्याने चौथीत दप्तर टाकले, तो सत्कारसमारंभात गुरुजींच्या आठवणी सांगायला येत नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. एवढ्या माराने देश घडायचा असता, तर तो केव्हाच घडला असता.

१६/
कायदा उशिरा का होईना, वळला. १ डिसेंबर २००० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीच्या शालेय नियमांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. साताऱ्याच्या नळाजवळ जे घडले, त्याला शिक्षणाच्या कायद्यातही नाव मिळाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

१७/
तरीही दोन भेगा राहिल्या. कलम १७ मोडणाऱ्यावर कारवाई होते ती सेवानियमांनुसार, म्हणजे पुन्हा खात्याच्या अंगणात. आणि या कायद्यातील 'बालक' ६ ते १४ वर्षांचे. बालवाडीतील चिमुरडी आणि दहावीतला मुलगा त्याच्या कक्षेबाहेर. दुसरी भेग अधिक जुनी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. १८६० चे कलम ८९ तिच्यात कलम २७ होऊन, त्याच १२ वर्षांच्या रेषेसह, नांदत आहे.

१८/
खरा पालट झाला तो २०१२ च्या पॉक्सो कायद्याने. लैंगिक अपराधांपुरता का होईना, त्याने निवाडा शाळेच्या हातून काढून घेतला. अपराधाची माहिती किंवा आशंका असणाऱ्या कोणाही व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक. हाताखालच्या माणसाचा अपराध न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद. शाळेतील कर्मचाऱ्याने केलेला अपराध अधिक गंभीर वर्गातला. आधी आपण चौकशी करू, खरे-खोटे ठरवू, मग पाहू, ही मुभा मुख्याध्यापकाला उरलेली नाही.

१९/
ऑगस्ट २०२४. बदलापूरच्या एका शाळेत दोन चार वर्षांच्या मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार पुढे आली. २० ऑगस्टला संतप्त जमावाने रेल्वे तासन्‌तास रोखली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. घटना न कळवल्याबद्दल शाळेच्या विश्वस्तांवरही पॉक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. त्याच्यावर खटला चाललाच नाही.

२०/
त्या दिवशीच्या घोषणा फाशीच्या होत्या. संताप समजण्यासारखा होता, पण त्यात साधा प्रश्न दबला : शाळेत कोणाला, केव्हा कळले आणि त्याने पुढे कोणाला सांगितले? राज्य शासनाने २०२२ मध्येच शाळाशाळांत 'सखी सावित्री' समित्या नेमण्याचा निर्णय काढला होता. जमाव एका माणसाचा जीव मागतो आणि घरी जातो. समितीची बैठक दर महिन्याला झाली का, हे विचारायला कोणी रूळांवर बसत नाही.

२१/
"मग सगळ्या शिक्षकांवर संशय घ्यायचा का?" मुळीच नाही. अमळनेरला साने गुरुजींसारखा शिक्षक वसतिगृहातील मुलांचा आईच्या मायेने सांभाळ करीत होता, हे महाराष्ट्राचे भाग्य. परंतु प्रत्येक शाळेला साने गुरुजी मिळतील या भरवशावर व्यवस्था उभारता येत नाही. बंद खोलीत मुलासोबत एकटे न राहणे, खाजगी संदेश न पाठवणे, प्रत्येक तक्रार लिहून घेणे, हे नियम सज्जन शिक्षकाचीही ढाल असतात. खोटी तक्रार द्वेषाने करणाऱ्या प्रौढाला पॉक्सोतच शिक्षा सांगितली आहे.

२२/
महाराष्ट्रातील शाळांत बाळ टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. कथेतला मुलगा गुरुजींची अन्याय्य आज्ञा नाकारतो, आणि सारा वर्ग टाळ्या वाजवतो. त्याच वर्गात दुसऱ्या दिवशी एखादे मूल "हे मी केले नाही" म्हणाले, तर ते उद्धट ठरते आणि बाहेर उभे केले जाते. गोष्ट पाठ झाली, अर्थ तेवढा राहून गेला.

२३/
इतिहासप्रेमी तरुणांनी आपल्या जुन्या शाळेत जाऊन केवळ गुरुजींच्या पाया पडून परतू नये. तीन प्रश्न विचारावेत. मुलाने तक्रार करायची तर कोणाकडे? ती लिहून कोठे ठेवतात? समितीची शेवटची बैठक केव्हा झाली? शाळेवर प्रेम असणाऱ्यानेच हे विचारायचे असतात. मर्यादा ओलांडणाऱ्या गुरूला राजाने जाब विचारावा, हे गौतमाचे तिसरे सूत्र आहे. परंपरा पाळायची असेल, तर आरंभ तेथून करता येईल.

॥ धागा समाप्त ॥