अद्भुत ते पोरांचे?

सरकारी कचेरीत ज्याने दहा-वीस वर्षे काढली आहेत, त्याला एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. कागद जळाला तर निदान जळाल्याचा शेरा तरी मारता येतो. परंतु चुकीच्या फाईलमध्ये लावलेला कागद असूनही नसल्यासारखा होतो. ज्याला तो हवा असतो त्याला तो मिळत नाही आणि ज्याचा त्याच्याशी काही संबंध नाही त्याच्या हाती मात्र तो नेमका भलत्या वेळी पडतो. इंग्रजीतील अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या एका मोठ्या गटाची आज हीच अवस्था झाली आहे, आणि त्या अवस्थेस आमच्या महाराष्ट्र मंडळाचे ग्रंथालयही अल्पांशाने कारणीभूत आहे, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

प्रकार असा घडला. आमच्या ग्रंथालयात मुलांसाठी इंग्रजी पुस्तकांचे एक कपाट आहे. गेल्या वर्षी त्यासाठी पुस्तके मागविली, तेव्हा विक्रेत्याने 'यंग अ‍ॅडल्ट' या सदराखाली एक गठ्ठा पाठविला. समितीने यादीवरून नजर फिरविली, सह्या केल्या आणि पुस्तके कुमारांच्या कपाटात गेली. त्या यादीवर माझीही सही आहे. त्यातले 'द पॉपी वॉर' हे पुस्तक लेखापरीक्षण खात्यातील एका सभासदाच्या तेरा वर्षांच्या मुलीने नेले. चार दिवस ती त्यात गढून गेली होती. पाचव्या रात्री तिने ते आईपुढे आणून ठेवले आणि विचारले, "आई, असे खरेच कुठे झाले होते का गं?" आईने उघडलेली पाने वाचली. पुढच्या बैठकीत वडिलांनी मागणी केली की हे पुस्तक काढून टाकावे, आणि यापुढे चेटूक-मंत्रतंत्राची पुस्तके खरेदीच करू नयेत.

वडिलांचा संताप मी समजू शकतो. परंतु त्यांच्या शेजारी बसलेल्या एका विद्वान सभासदांनी जे उद्गार काढले, त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच. ते म्हणाले, "अहो, देवता, चेटूक, उडत्या तलवारी हे सारे पोरांचेच. त्यात असले बीभत्स घालणे ही त्या लेखिकेचीच चूक." म्हणजे फाईल आम्ही चुकीची लावली आणि ठपका कागदावर! हे मत त्या एकट्या गृहस्थांचे असते तर मी गप्प बसलो असतो. पण ते सुशिक्षितांच्या मनात इतके मुरलेले आहे की त्याचा समाचार घेणे अवश्य आहे.

प्रथम त्या पुस्तकाविषयीच पाहू. आर. एफ. क्वांग या लेखिकेची ही कादंबरी 2018 साली प्रसिद्ध झाली. त्या वेळी लेखिकेला बावीसही पुरी झाली नव्हती. दक्षिणेकडील एका दरिद्री गावातील रिन ही अनाथ मुलगी लादलेले लग्न टाळण्यासाठी राष्ट्रीय परीक्षेस बसते, साऱ्यांना चकित करून उत्तीर्ण होते आणि राजधानीतील लष्करी विद्यालयात दाखल होते. येथवर शाळकथाच आहे : कडक गुरुजी, श्रीमंत घरचा प्रतिस्पर्धी, एक विक्षिप्त शिक्षक. घाईने चाळणाऱ्या विक्रेत्याने येथवरच चाळले असावे. पुढे युद्ध पेटते, आणि एका नगराच्या संहाराचे जे प्रकरण येते त्याच्या मागे 1937 साली जपानी सैन्याने नानजिंगमध्ये केलेला नरसंहार व बलात्कार उभे आहेत. मानवी देहांवर केलेल्या प्रयोगांचा विषयही तिने टाळलेला नाही. शेवटी जिच्यावर अन्याय झाला तीच रिन दैवी शक्तीच्या बळावर शत्रूचे सबंध बेट भस्म करते. रिनच्या जीवनक्रमाची प्रेरणा आपण माओ त्से-तुंगच्या चरित्रातून घेतली, असे लेखिकेने स्वतः सांगितले आहे. पीडित माणूस संहारक कसा होतो, हा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलीसाठी मांडलेला नव्हे. आपले पुस्तक कुमारांसाठी नाही, हेही लेखिकेने जाहीरपणे सांगितलेले आहे. ऐकतो कोण?

मग पुस्तक त्या कपाटात जाते कशाने? नायिका अल्पवयी आहे म्हणून, असे उत्तर मिळते. हे उत्तर क्षणभर खरे धरून चालू. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' मधील यमू आपली कहाणी बालपणापासून सांगू लागते; ते बालवाङ्मय आहे असे आजवर कोणी म्हटले आहे काय? 1963 सालच्या 'कोसला'चा नायक कॉलेजच्या वसतिगृहात राहणारा पोरगा आहे; नेमाड्यांची ती कादंबरी कुमारांच्या कपाटात ठेवण्याचे धाडस कोणता ग्रंथपाल करील? वास्तववादी कादंबरीत नायक कितीही लहान असला तरी वाचकाचे वय वाढलेले चालते. मात्र त्याच नायकाच्या हाती मंत्र आला की वाचकाचे वय आपण तात्काळ तेराचे करून टाकतो. तेव्हा खरे कारण वय नसून अद्भुत हेच आहे.

पण तेही पुरते खरे नाही. जॉर्ज मार्टिन यांची 'अ गेम ऑफ थ्रोन्स' ही कादंबरी 1996 सालची. तिच्यात अजस्र लांडगे आहेत, प्रेते उठून चालतात, शेवटी ड्रॅगन जन्मतात. ज्यांच्या डोळ्यांनी आपण ती कथा पाहतो त्यांत ब्रॅन सात वर्षांचा, आर्या नऊ वर्षांची, सान्सा अकरा वर्षांची आणि डेनेरिस तेरा वर्षांची आहे. इतकी मुले असूनही हे पुस्तक प्रौढांचे आहे याविषयी विक्रेत्याच्या मनात संदेह येत नाही. उलट तरुण नायिका, अद्भुत आणि मुखपृष्ठावर स्त्रीचे नाव या तीन गोष्टी एकत्र आल्या की पुस्तक कुमार विभागाकडे घसरू लागते. इंग्रजीत लिहिणाऱ्या कित्येक लेखिकांनी ही तक्रार उघडपणे मांडली आहे, आणि ती अवास्तव आहे असे मला वाटत नाही. बाईने लिहिलेले ते घरातल्या पोरांसाठीच असणार, हा जुना ग्रह नव्या वेष्टनात आला आहे, इतकेच.

उर्सुला ल ग्विन यांचे उदाहरण याहून विचार करण्यासारखे आहे. 1968 सालचे 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' त्यांनी प्रकाशकाच्या सूचनेवरून कुमारांसाठीच लिहिले, आणि उत्तम लिहिले. त्याच मालिकेत 1990 साली 'तेहानू' आली. तिची नायिका मध्यमवयीन शेतकरी विधवा आहे. बापाने आणि त्याच्या सोबत्यांनी अत्याचार करून आगीत लोटलेली एक पोर ती सांभाळते. आणि मागच्या पुस्तकांतला महान मांत्रिक आपली सर्व शक्ती गमावून तिच्या दारी येतो. उतारवय, सत्ता गेल्यानंतरचे पुरुषाचे रितेपण, घरकामात गेलेले बाईचे आयुष्य, हे तिचे विषय. निवृत्तीनंतर पहिल्या महिन्यात दिवाणखान्यात अस्वस्थपणे फेऱ्या मारणाऱ्या आपल्यापैकी कोणाही अधिकाऱ्याने ती वाचावी. पण थोरल्या भावंडांमागोमाग तीही त्याच फळीवर गेली, आणि तेथे त्या अधिकाऱ्याचा हात कशाला जाईल?

अद्भुत पोरांकडे ढकलण्याची ही खोड आजची नाही. स्विफ्टचा गलिव्हर 1726 साली अवतरला तो राजकारणी, पंडित आणि एकंदर मनुष्यजात यांची चामडी सोलण्यासाठी. नंतर लोकांनी त्याच्या चार प्रवासांपैकी बुटक्यांचा व राक्षसांचा असे दोन ठेवले, राजवाड्याची आग तो ज्या रीतीने विझवितो तो प्रसंग गाळला, शहाण्या घोड्यांचा प्रवास टाकून दिला आणि उरलेले पोरांच्या हाती दिले. आता स्विफ्ट वाचला आहे असे म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो दहाव्या वर्षी वाचलेला असतो.

आपल्याकडे तरी काय झाले? सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' रचला तो काश्मीरच्या सूर्यवती राणीच्या मनोरंजनासाठी, राजवाड्यातील पोरांसाठी नव्हे. त्यातल्या वेताळाच्या कथा आज बहुतेकांना 'चांदोबा'मुळे माहीत आहेत. 'चांदोबा'चे ऋण मीही मानतो. पण मुळात वेताळ जे विचारतो ते प्रश्न कसले आहेत? दोन पुरुषांची तुटलेली मस्तके बाई गडबडीत एकमेकांच्या धडांवर बसविते. आता तिचा नवरा कोणता? याच कथेवरून टॉमस मान यांनी 1940 साली कादंबरिका लिहिली आणि 1971 साली गिरीश कार्नाडांचे 'हयवदन' आले. परक्या जर्मनाला त्यात प्रौढांचा विषय दिसला. आपण मात्र प्रेत, झाड आणि राजाची तलवार एवढेच पाहून पोरांना झोपविले.

टॉल्किन यांनी 1939 सालच्या एका व्याख्यानात हे नेमके सांगितले होते. मोठ्यांना नकोसे झालेले जुने सामान जसे मुलांच्या खोलीत जाते, तशाच परीकथा तिकडे गेल्या. मुलांनी त्या मागून घेतल्या नव्हत्या, असा त्यांचा आशय. पुढे 1954-55 मध्ये त्यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' प्रसिद्ध झाली, तेव्हा एडमंड विल्सनसारख्या जाणत्या टीकाकाराने 1956 साली ती हाताबाहेर गेलेली मुलांची गोष्ट ठरविली. ज्या टीकाकाराला जॉइस समजला त्याला हे समजू नये, याचे मला अजूनही नवल वाटते. असो.

आता 'यंग अ‍ॅडल्ट' या नावाविषयी. हे नाव प्रथम ग्रंथपालांचे होते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने 1957 साली त्या नावाचा स्वतंत्र विभाग केला. साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांची सोय पाहणे हे त्याचे काम. या वयासाठी लिहिणे ही हलकी कला आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. एस. ई. हिंटन यांची 1967 सालची 'द आउटसायडर्स' वाचावी. त्या वयाचे सारे पहिलेपण तिच्यात आहे. परंतु हॅरी पॉटरच्या यशाने या नावाला बाजारभाव आला. 2000 साली न्यूयॉर्क टाइम्सला खपाच्या यादीतून मुलांची पुस्तके वेगळी काढावी लागली, तीही त्याच्यामुळेच. तेव्हापासून ग्रंथपालांचे सदर विक्रेत्यांची पाटी झाले. आणि पाटी सोयीप्रमाणे फिरते. सारा मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही मालिका 2015 पासून कुमारांसाठी म्हणून विकली गेली. पुढील भागांत उघड शृंगार होता तरी पाटी तीच राहिली. 2020 साली मुखपृष्ठे बदलून तीच पुस्तके प्रौढांची म्हणून पुन्हा बाजारात आली. मजकूर तोच, फक्त वाचकाचे वय बदलले!

या खेळाची किंमत कोण देतो? 2024 साली अमेरिकेच्या यूटा राज्याने सर्व सरकारी शाळांतून काढावयाच्या पुस्तकांची पहिली यादी केली. तिच्यात तेरा पुस्तके होती आणि त्यांतली सहा मास यांची. म्हणजे आधी खोटी पाटी, मग संताप, मग बंदी. आमच्या मंडळाच्या बैठकीत हाच क्रम लहान प्रमाणावर घडत होता.

कोणी म्हणेल, मुलांनी मोठ्यांची पुस्तके वाचली तर आकाश कोसळते काय? मुळीच नाही. मी स्वतः चौदाव्या वर्षी अरबी सुरस कथा माळ्यावर बसून वाचल्या आहेत. पण त्या मोठ्यांच्या आहेत हे मला ठाऊक होते, आणि त्या ठाऊक असण्याने मन सावध होते. त्या मुलीला वडीलधाऱ्यांनी हे पुस्तक तुझेच आहे असे सांगून हाती दिले होते; हा विश्वासघात आहे. प्रौढांची पण जाणत्या कुमारांना देता येतील अशी पुस्तके निवडून त्यांना अमेरिकेत 1998 पासून अ‍ॅलेक्स पारितोषिके देतात. तेथे पुस्तक प्रौढांचेच राहते, शिफारस मात्र नाव घेऊन होते. असे करता येते; त्यासाठी पुस्तक वाचण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात.

आणि आपण बाहेर नोकरी करणारी मंडळी हे कष्ट सर्वांत कमी घेतो. दर तीन वर्षांनी बदली, नवे गाव, नवी शाळा. आपली मुले इंग्रजीत वाचतात, आपण मराठीत. एकाच दिव्याखाली बसून दोघे दोन देशांत असतो. मूल काय वाचते आहे हे कळण्याचे आपल्यापाशी वेष्टनावरच्या पाटीखेरीज साधन नाही. म्हणून पाटी खोटी निघाली की आपण पुस्तकावर तुटून पडतो. त्या रात्री मुलीने विचारलेला प्रश्न खरा होता. नानजिंगमध्ये काय घडले, हे तिला त्या वेळी कोणीच सांगितले नाही.

बैठकीत पुष्कळ वाद झाला. पुस्तक रद्द न करता प्रौढांच्या कपाटात हलवावे आणि त्या गठ्ठ्यातील उरलेली पुस्तके समितीच्या सभासदांनी वाटून घेऊन वाचावीत, असे अखेर एका मताच्या आधिक्याने ठरले. माझ्या वाट्याला चार आली आहेत. 'द पॉपी वॉर' त्या मुलीच्या वडिलांनीच दुसऱ्या दिवशी आपल्या नावावर नेले. परतीची तारीख उलटून तीन आठवडे झाले; विलंबशुल्काची चिठ्ठी पाठवायची ती मी अजून पाठविलेली नाही.