पेठेत थांबायला निमित्त हवं



आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरची दुकानं जुन्या पेठेत आहेत. कापड, भांडी, किराणा, सराफी. त्यामुळे "आता पेठेत येतंय कोण?" हा प्रश्न दुकानाबरोबर बंद होत नाही, रात्री जेवणाच्या ताटापर्यंत येतो. त्यावर उपाय एकच ऐकू येतो, रस्ता रुंद करा आणि पार्किंग वाढवा. मला तो पटत नाही. गाडी भरधाव निघून जाते. गिऱ्हाईक होतो तो पायी चालणारा, आणि त्याला थांबायला काहीतरी निमित्त लागतं.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात ग्रँड जंक्शन नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या मेन स्ट्रीटवरून मी लेकीबरोबर चालले आहे. या गावाने 1962 साली आपला सरळसोट बाजाररस्ता मुद्दाम नागमोडी केला, झाडं लावली. पुढे मॉल आला. त्यातच 2 मे 1982 रोजी एक्सॉन कंपनीने जवळचा तेलाचा मोठा प्रकल्प अचानक बंद केला. दोन हजारांवर माणसांचा रोजगार गेला आणि गावावर मंदी आली.

अशा दिवसांत, 1984 साली, डेव्ह डेव्हिस या तिथल्याच शिल्पकाराच्या पुढाकाराने 'आर्ट ऑन द कॉर्नर' सुरू झालं. शिल्पकार आपली शिल्पं वर्षभरासाठी गावाला उसनी देतात. त्यांना मानधन मिळतं, शिल्प विक्रीलाही असतं. वर्ष संपलं की नवी शिल्पं येतात. काही गावाला इतकी आवडतात की ती कायमची ठेवून घेतली जातात.

आपल्या चौकातले पुतळे उंच चौथऱ्यावर, कठड्याच्या आत असतात. तिथे आपण हात जोडतो, ते योग्यच आहे. पण ही शिल्पं फुटपाथवर, दुकानाच्या दाराशी असतात. मुलं त्यांना हात लावतात. एका थिएटरसमोर लेखक डाल्टन ट्रंबो चक्क बाथटबमध्ये बसून लिहितोय! या गावात वाढलेल्या ट्रंबोने 1935 च्या कादंबरीत गावावर अशी टीका केली होती की लोक दुखावले होते. त्याच गावाने 2007 मध्ये त्याला भर बाजारात बसवलं. मला हे मोठेपणाचं वाटतं.

नुसत्या शिल्पांनी पेठ वाचते असं मी म्हणणार नाही. सावली हवी, बाकं हवीत, बायकांसाठी स्वच्छतागृह तर आधी हवं. पण "कलेला पैसा कुठून आणायचा?" हे कारण मला मान्य नाही. उसनं आणलेलं शिल्प विकत घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. मुंबईच्या जे. जे. मधून शिल्पकला शिकून मुलं-मुली बाहेर पडतात, त्यांनाही आपलं काम चार लोकांनी पाहावं असं वाटतच असेल ना?

म्हणून व्यापारी संघाच्या पुढच्या बैठकीला घरातून फक्त पुरुषांना पाठवू नका, आपणही जाऊ. मागणी छोटीच ठेवू. एक चौक, एक वर्ष, एक शिल्प आणि त्याच्याजवळ सावलीत दोन बाकं. वर्षाने कोण थांबतं, कोण बसतं, ते गल्ल्यावर बसून आपल्यालाच दिसेल.