झिरकपूरची भाड्याची मोटार : खूण नंबरप्लेटच्या रंगाची

चंदिगडला लागून असलेल्या पंजाबातील झिरकपूर येथे अंबाला, पतियाळा आणि काल्का-सिमल्याकडील रस्ते एकत्र येतात. महाराष्ट्रातून विमानाने येऊन पुढे मनाली गाठू पाहणाऱ्या पर्यटकास स्वतः चालविण्याची मोटार येथूनच घेणे सोयीचे वाटते. मात्र दर कमी म्हणजे व्यवहार चोख, असे नव्हे.

पेट्रोल-डिझेलवरील मोटार चालकाविना भाड्याने द्यायची, तर तिची नंबरप्लेट काळी व अक्षरे पिवळी असावी लागतात. केंद्राच्या १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान ५० मोटारींची अट आहे. छोट्या व्यावसायिकाला ती झेपणारी नाही. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी मोटारी भाड्याने देण्याचा आडमार्ग त्यातूनच रुंदावला, असे म्हणावे लागते.

विनापरवाना वापराचा दंड २०१९ च्या कायदादुरुस्तीने दहा हजार रुपयांवर नेला. खरा धोका विम्याचा आहे. खासगी मोटारीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. घाटात अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि मालक भरपाईसाठी पर्यटकाकडेच बोट दाखवितो. तेव्हा हाती उरते ती अनामत रकमेची पावती, तीही मिळाली असेल तर. ‘एमपरिवहन’ अ‍ॅपवर क्रमांक टाकल्यास मोटारीची नोंद आणि विम्याची मुदत पैसे देण्यापूर्वीच पाहता येते.