पगार दिला म्हणून डोकं विकत मिळत नाही



आज माझीच चूक सांगतो. शहापूरच्या आमच्या दुकानात कुट्टी मशीनची विक्री आणि दुरुस्ती चालते. मुरबाडकडचा एक पोरगा कामाला होता. त्याने मशीनच्या तोंडाला अशी झडप बसवली की पेंढा आत जायचा, पण हात अडायचा. लोखंड माझं, वेल्डिंग माझं, वेळ माझा. गिऱ्हाईक विचारायचं तेव्हा मी ऐटीत सांगायचो, "आपल्या दुकानाची आयडिया!" पोरगा गप्प. दिवाळीला गेला तो परत आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, "आयडिया तुमची ना शेठ? मग बनवा की."

मला ती झडप अजून नीट जमत नाही.

माल माझा, पगार माझा, म्हणजे शोधही माझा, असं मला वाटायचं. कायदा तसं म्हणत नाही. पेटंट कायदा १९७० चा. कलम ६ प्रमाणे अर्ज करायचा हक्क खऱ्या आणि पहिल्या शोधकर्त्याला, किंवा ज्याला त्याने हक्क करून दिला त्याला. कामगाराचा शोध आपोआप मालकाचा होतो, असं कलम त्यात नाही. हक्क द्यायचा तर लेखी, हे कलम ६८ सांगतं. गोंधळ कॉपीराइटमुळे होतो. तिथे नोकरीचा भाग म्हणून केलेलं लिखाण किंवा सॉफ्टवेअर, वेगळा करार नसेल तर, मालकाचं असतं.

केस आपल्याच जिल्ह्यातली बघा. डोंबिवलीच्या घरडा केमिकल्सचे संस्थापक डॉ. केकी घरडा यांनी काही पेटंट स्वतःच्या नावावर घेतली. एक भागधारक कोर्टात गेला: कंपनीत राहून, कंपनीच्या साधनांवर लावलेले शोध कंपनीचेच. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. माणूस कोणत्या कामाला ठेवला होता आणि करार काय होता, हे महत्त्वाचं.

काही जण सल्ला देतात, पहिल्याच दिवशी "सगळं मालकाचं" अशी सही घेऊन टाका. मला ते पटत नाही. कागद हवाच, पण दोन्ही बाजूंचा:

१. काम कोणतं आणि त्यातून निघालेल्या शोधाचा हक्क कोणाचा, हे नेमणूकपत्रात मराठीत लिहा.
२. त्याचा वाटा आकड्यात लिहा. मशीनमागे किती रुपये ते ठरवा. "बघू नंतर" चालणार नाही.
३. पेटंट घेतलंत तर शोधकर्ता म्हणून नाव त्याचंच जाऊ द्या.

आणि अर्ज करण्याआधी रील टाकू नका. जगाला दाखवलेली गोष्ट 'नवीन' राहत नाही. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एकट्या माणसाला १,६०० रुपयांपासून आहे. आधी तात्पुरता तपशील देऊन पूर्ण तपशिलाला १२ महिने मिळतात. तपासणीची फी आणि एजंटचा खर्च वेगळा.

म्हणाल, एवढ्याशा दुकानाला पेटंट कशाला? खरंय, प्रत्येक जुगाडाला मिळतही नाही. त्या झडपेलाही कदाचित मिळालं नसतं. पण वाटा लिहून दिला असता तर पोरगा टिकला असता. आज मुरबाडला त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. झडप मागायला आलेलं गिऱ्हाईक मी त्याच्याकडेच पाठवतो.

तुमच्याकडे कामाला असलेल्या पोराने काय नवीन केलंय? आज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी त्याला विचारा, आणि कागद काढा.